बाय आजारी होती तो उन्हाळा

जुलै सुरू झाला की इथे चष्मा आंधळा होतो. लिफ्टमधून उतरून बिल्डिंगचं दार ढकललं, की एसीत गारठलेल्या काचांवर बाहेरची दमट हवा येऊन बसते आणि चांगला कमावता माणूस आपल्याच गाडीसमोर चाचपडत उभा राहतो. दुबईच्या अल बर्शात इतकी वर्षं काढली, तरी मोसमातल्या या पहिल्या आंधळेपणाला मी न चुकता शिवी घालतो. परवा मात्र शर्टाच्या टोकाने काचा पुसताना लक्षात आलं, की शिवी राहूनच गेली. मला बाय आठवली होती, आणि तिच्या टाकीला नाक लावून बसलेले बाबा.

बाय म्हणजे आमचा मासा. खाऱ्या पाण्यातला, इथल्याच आखातातला. अंग गर्द निळं आणि कुशीवर हळदीचा हात पुसावा तसा पिवळा पट्टा. माझ्या मुलीने, इराने, मोठ्या थाटात तिचं नाव डचेस ठेवलं होतं. ती नर की मादी हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, पण डचेस म्हटल्यावर ती मादीच झाली. बाबा आले आणि त्यांनी ते बारसं रद्द केलं. आमच्या वेंगुर्ल्याकडे घरातल्या लाडक्या पोरीला बाय म्हणतात. सकाळी उठले की ते टाकीपाशी जाऊन मालवणीत विचारायचे, “काय गो बाय, जेवलंस?” आणि ती काचेशी येऊन तोंड उघडायची, मिटायची. इराला वाटायचं ती खाणं मागतेय. बाबांचं म्हणणं, ती उत्तर देते, तुम्हाला ऐकू येत नाही त्याला ती काय करणार.

इथला उन्हाळा म्हणजे निघून गेलेल्या माणसांचा मोसम. शाळांना सुट्टी लागली की विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या मिटत नाहीत, आणि जे मागे राहतात त्यांच्या दाराशी कुंड्या येऊन पडतात. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंचा कढीपत्ता, समोरच्या इजिप्शियन कुटुंबाचा पुदिना, कुणाची तुळस, कुणाचं नाव न कळणारं एखादं रुसकं झाड. यल्ला, ऑगस्टच्या शेवटी भेटू, म्हणून सगळे पसार. एरवी आम्हीही कुणाच्या तरी गळ्यात आमची तुळस मारून पळणाऱ्यांतले. त्या वर्षी मात्र राहिलो. गावाला जायचं ते कुणाकडे, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा पडला होता. बाबा आमच्याकडे आले होते आणि आई थंडीतच गेली होती.

आईचं जाणं सांगितल्याशिवाय बायचं दुखणं सांगता येत नाही. बाबा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले, पण वाडीत त्यांची ओळख औषधांची. दाढ दुखली लवंग, खोकला झाला अडुळसा, पोट बिघडलं कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, उगाळून. कुणाकडून कधी एक शहाळंसुद्धा घेतलं नाही. आणि गुण यायचा, हे मी साक्षीला उभा राहून सांगेन; लहानपणी डॉक्टर मी फक्त शाळेच्या तपासणीत पाहिला. आईच्या छातीत जळजळायला लागलं तेव्हा बाबांनी तिला ओवा आणि सैंधव दिलं. सकाळी ती बरं वाटतंय म्हणाली. दुपारी पुन्हा जळजळलं, त्यांनी पुन्हा तेच दिलं. ते पित्त नव्हतं. डॉक्टर बाहेर येऊन एवढंच म्हणाले की थोडं आधी आणायला हवं होतं. डॉक्टरांना ते वाक्य रोज कुणाला तरी म्हणावं लागत असेल. बाबांनी ते उचललं आणि पुन्हा खाली ठेवलंच नाही.

मी त्यांना इथे आणलं ते व्हिजिट व्हिसावर, पण माझ्या आणि रश्मीच्या मनात होतं की त्यांनी कायमचं राहावं. कागदपत्रांची चौकशीही मी करून ठेवली होती. रश्मी, माझी बायको, माझ्यापेक्षा हुशार. तिने आल्या आल्या खोट्या खोकल्याचं निमित्त करून त्यांच्याकडे काढा मागितला, म्हणजे त्यांना जरा आपलं वाटेल. ते म्हणाले, डॉक्टरला दाखव. बस. ज्या माणसाने शेजारच्या म्हशीलासुद्धा औषध दिलं होतं, तो आमच्या घरात आल्याचा तुकडा हातात घेईना. बॅगेतून त्यांनी कोकमं आणली, कुळथाचं पीठ आणलं, आणि आईचा तांब्याचा गडू. आई रात्री त्यात पाणी भरून ठेवायची, सकाळी उठल्याबरोबर ते प्यायचे. आता ते स्वतःच भरत, स्वतःच पीत. चिंच आणि मीठ लावून घासतही स्वतःच.

दिवसभर बोलत नसत. मी देऱ्याच्या ऑफिसात, रश्मी तिच्या, इरा कानात गाण्याचं यंत्र घालून तिच्या खोलीत. त्या सगळ्या शांततेत एकटी बाय काचेपाशी यायची. टाकीसमोरची खुर्ची हळूहळू त्यांची झाली. एकदा मी त्यांना देऱ्याच्या मासळी बाजारात नेलं, म्हटलं या माणसाचा जीव तिथे तरी रमेल. रमला. कल्ले उचलून बघ, डोळे बघ, सुरमईवाल्याशी हिंदीत हुज्जत घाल, सगळं झालं. मग एका थाळ्यात, बर्फावर, निळ्या अंगाच्या आणि पिवळ्या पट्ट्याच्या चार बाया ओळीने निजलेल्या दिसल्या. बाबांनी हातातली रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. नंतर म्हणाले, आज मासळी ताजी नाही, चल. सगळा बाजार फडफडत होता. घरी येऊन आम्ही वरणभात जेवलो.

मग जुलैत एका दुपारी बिल्डिंगचा एसी बंद पडला. संध्याकाळी सुरू झाला, पण तोवर टाकीतलं पाणी चहासारखं झालं होतं. बाय त्यातून वाचली. आम्ही विसरूनही गेलो. पुढे काही दिवसांनी बाबा म्हणाले, बायला श्वास लागतोय. आम्हा दोघांना काही दिसलं नाही. पण जन्मभर ज्याने माशाचे आधी कल्ले पाहिले आणि मग किंमत विचारली, त्याला दिसत होतं. तिचे कल्ले भराभर उघडमीट करत होते. ती खडकाला अंग घासू लागली. मग तिच्या पंखांवर पांढरे कण दिसले, कुणी वरून मीठ भुरभुरावं तसे.

टाकीचं सामान विकणारा दुकानदार हैदराबादचा, गप्पिष्ट. त्याने फोटो पाहून सांगितलं की अंगावरचे किडे असावेत. असावेत, कारण भिंगाखाली धरल्याशिवाय छातीठोक कोण सांगणार. दोन दिवसांत ते कण गळून पडले आणि आम्ही आनंदाने शिरा केला. तो फोनवर हसला. हबीबी, वो गया नहीं है, नीचे बच्चे देने गया है. खरंच ते परत आले, आणि आले ते दुपटीने. त्यावर उपाय एकच, तांब्याचं औषध. पण मोठ्या टाकीत टाकलं तर कोळंब्या, कोरल, सगळं खलास. म्हणून आजारी माशाला वेगळं काढायचं, नुसत्या काचेच्या पेटीत, लपायला एक पाईपचा तुकडा ठेवून. आणि रोज पाणी तपासायचं. तांबं कमी पडलं तर किडा मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. त्या दोहोंच्या मधे जागा फार थोडी. हे त्याने मला आणि इराला दुकानात उभं करून सांगितलं. बाबा तेव्हा घरी, बायजवळ बसले होते.

ती पेटी ठेवायला जागा मिळाली ती बाबांच्याच खोलीत. मग काय विचारता. खोलीचा दवाखाना झाला. इरा सकाळी उठून एका नळीत पाणी घ्यायची, त्यात थेंब टाकायची, आणि नळीतला निळा रंग कार्डावरच्या निळ्या चौकोनांशी ताडून बघायची. बाबा चष्मा सावरून तिच्या खांद्यावरून वाकायचे. औषध तांब्याचं आहे हे कळलं त्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी हललेलं पाहिलं. म्हणाले, बघा, एवढं तुमचं इंग्रजी औषध, शेवटी आलात ना तांब्यावरच. आणि मग तांब्याच्या पाण्याचे गुण, आईने कुणाकुणाला ते पाजलं, वाडीतल्या कुणाची पोटदुखी कशी थांबली, हे सगळं त्यांनी इराला सांगितलं. ती इंग्रजीत विचारायची, ते मराठीत सांगायचे, कुणाचं अडलं नाही. त्या आठवड्यात रश्मीला सर्दी झाली, या वेळी खरी, तर त्यांनी न मागता गवती चहाचा काढा करून तिच्या हातात दिला. स्वयंपाकघरात जाऊन रश्मी रडली. मी ऑफिसातून कायमच्या व्हिसाचे कागद घेऊन आलो. बाय वाचली तर बाबा राहतील, असं आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता धरून ठेवलं होतं. एवढ्याशा जिवावर केवढं ओझं टाकतो आपण.

बाय सुधारत होती. ठिपके कमी होते, ती पुन्हा बाबांच्या आवाजाला वळत होती. एका संध्याकाळी इराने पाणी तपासलं आणि तांबं थोडं कमी आलं. औषधाची बाटलीही संपत आली होती. आम्ही दोघं नवी आणायला दुकानात गेलो, ते बंद होतं, सकाळी बघू म्हणून परतलो. थोडं कमी पडलं तर एका दिवसाने काही बिघडत नाही, असं इरा म्हणाली, आणि ते बरोबर होतं.

सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा बाबा नुकतेच उठून पेटीशी उभे होते. बाय तळाशी, पाईपाबाहेर, एका कुशीवर कललेली. आणि पेटीच्या कोपऱ्यात आईचा गडू, चिंच-मिठाने घासून गुलाबी चकचकीत केलेला, गळ्यापर्यंत पाण्यात. बाबांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं, चोरून खाऊ दिलेल्या माणसाचं. म्हणाले, तुम्ही बाटलीशिवाय परत आलात, पोर म्हणत होती तांबं कमी आहे, म्हटलं रात्रभर हा राहू दे. आता सुस्त पडलीय, पण औषध लागू पडताना असंच होतं, बघ तू, दुपारपर्यंत उठते की नाही.

मी काही बोलायच्या आत इरा आली. तिने गडू पाहिला. गडू बाहेर काढून तिने माझ्या हातात दिला, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी गडद झालं. कार्डावरच्या शेवटच्या, सगळ्यात गडद चौकोनापेक्षाही गडद. तिने कार्ड शेजारी धरलं नाही. धरायची गरजच नव्हती. नळी मुठीत लपवून ती तशीच उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ओवा, सैंधव, डॉक्टरांचं ते वाक्य, सगळं तिला ठाऊक होतं. आमच्या घरात ते कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण मुलांना भिंतीतून कळतं. हा माणूस आपल्या हाताने दुसऱ्यांदा. एवढंच माझ्या डोक्यात येत होतं, आणि वाक्य पुढे जात नव्हतं.

“काय आलं गो?” बाबांनी विचारलं.

“नॉर्मल,” इरा म्हणाली. मग मराठीत, जी ती एरवी ओढून-ताणून बोलते, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, “अगदी बरोबर आहे, आजोबा. जेवढं हवं होतं तेवढंच.”

माझी मुलगी खोटं बोलत नाही. भांडते, दार आपटते, उलट उत्तर देते, पण खोटं नाही. त्या क्षणी तिचा मला इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्हीला एकच हुंदका पुरला असता. पण हुंदका परवडणारा नव्हता. ती म्हणाली आज पाणी बदलायचा दिवस आहे, आणि आम्ही धावलो. मोठ्या टाकीतलं पाणी बादलीने आणून पेटीत, पेटीतलं न्हाणीघरात. रश्मी उठून आली, तिला एका नजरेत समजलं, तिने पदर खोचावा तशा गाऊनच्या बाह्या सारल्या आणि बादली धरली. इराने घाईत ठेवून दिलेली ती गडद पाण्याची नळी धरून बाबा उभे होते. आम्ही पाणी सांडत होतो, एकमेकांवर आपटत होतो, आणि त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा माणूस.

बाय दुपारी गेली. ते तिच्याशी बोलत होते तेव्हाच. मी म्हटलं, किडे कल्ल्यांत शिरले होते बाबा, फार आधीच शिरले होते, दुकानदारही म्हणाला होता. त्यांनी मान हलवली. ठीक आहे, म्हणाले. आधीच झालं होतं तर मग कोण काय करणार.

कचऱ्याच्या पिशवीत ते तिला घालू देईनात. संध्याकाळी आम्ही बर दुबईला गेलो. इराने तिला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं आणि डबा मांडीवर घेतला होता. पलीकडे देऱ्याला जाणाऱ्या अब्रात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत, बसलो. शेजारी दिवसभर खपलेले कामगार, कुणी फोनवर घरी बोलत होतं, त्या उकाड्यात खाडीवरून येणारा वाराही गरम होता. बाबांनी चपला काढून बाकाखाली सारल्या. त्यांनी मला विचारलं, ही खाडी समुद्राला मिळते ना? मी हो म्हटलं. समुद्राचं पाणी सगळीकडे एकच, ते म्हणाले. मला कळलं ते कुठल्या पाण्याबद्दल बोलतायत. आईच्या अस्थी आम्ही वेंगुर्ल्याच्या समुद्रात सोडल्या होत्या, तेव्हाही ते असेच अनवाणी वाकले होते. त्यांनी वाकून डबा पाण्याला टेकवला आणि तिरका केला. शेजारच्या माणसाने फोनवरचं बोलणं थांबवलं. बाबा काही पुटपुटले ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

व्हिसाचे दिवस शिल्लक होते तरी ते त्याच महिन्यात परत गेले. घर बंद राहिलं की वाळवी लागते, म्हणाले. मी कागद दाखवले, रश्मीने हात जोडले, इरा म्हणाली, प्लीज, आजोबा. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू गुणी आहेस. विमानतळावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही घरी येऊन शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं, कारण तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

मग मी समाधान मानून घेतलं. दुःख झालं त्यांना, पण निदान ते एक तरी कळलं नाही. इरानेही मानून घेतलं. ती आता पुण्यात शिकते, सुट्टीत वेंगुर्ल्याला जाऊन येते, आजोबांशी तासन्‌तास बोलते. माशाचं दोघंही काढत नाहीत, असं तिने मला सांगितलं. आपलं खोटं टिकलं, या विश्वासावर आम्ही बापलेकीने ते दिवस मागे टाकले.

पहिला फोन आला तेव्हा मी हसलो होतो. बाबांना खोकला झाला होता, आणि अडुळशाचा रस घेऊ का, असं विचारायला त्यांनी दुबईला फोन केला होता. मी म्हटलं, बाबा, अडुळसा तुमच्या दारात आहे, मला काय विचारता? नंतर विचारलं हळददूध घेऊ का. मग सुंठ. मग पाय दुखतात तर तेलात लसूण घालून चोळू का. शेजारच्या काकूंनी सांगितलं की आता वाडीतलं कुणी आलं तर ते दार अर्धंच उघडतात आणि दवाखान्याचा रस्ता सांगतात. तेव्हा माझं हसणं थांबलं. पाणी बदलायला आम्ही धावत सुटलो होतो त्या सकाळी नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला सगळं समजलं होतं, आणि नात खोटं बोलतेय हेही समजलं होतं, आणि तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून ते ठीक आहे म्हणाले होते. आम्ही त्यांना सांभाळतोय असं आम्हाला वाटत होतं.

काल रात्री जेवण आटोपून बसलो होतो, तर त्यांचा फोन आला. तिकडे पाऊस लागलाय, छातीत जरा कफ झालाय, म्हणाले. बोलता बोलता खोकत होते.

“आल्याचा रस घेऊ का रे मधातून?”

“घ्या ना, बाबा.”

पलीकडे बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“किती घेऊ?”

लहानपणी तापात मला मांडीवर आडवं घेऊन, नाक दाबून हाच रस पाजणाऱ्या माणसाने मला हे विचारलं. मी सांगितलं, एक चमचा. ते म्हणाले, बरं, एकच घेतो.